रूट कॅनलची लांबी: एक्सरे खरा, मशीन खरं की हात खरा?

मुळाक्षर

मंडळी, एका दाताने गेला आठवडाभर डोकं खाल्लंय म्हणून धागा काढतोय. इथे दंतवैद्य बरेच आहेत, पण बाकीच्यांनीही वाचावं असा विषय आहे कारण यातून सगळेच कधी ना कधी जातात.

दात ४५, म्हणजे खालचा उजवा दुसरा प्रीमोलर. पेशंट पन्नाशीचे काका, पल्प (दातातली नस) मेलेला, मुळाच्या टोकाशी एक्सरेत छोटी काळी सावली. एकच कॅनल (मुळातली नळी), सरळ. सोपं काम म्हणून मी निवांत होतो. सुरुवातीच्या एक्सरेवर दात २२.५ मिमी मोजला, १ मिमी सोडून २१.५ वर स्टॉपर (खुणेची रबरी चकती) लावला, १५ नंबरची फाईल (कॅनल साफ करायची बारीक धातूची काडी) आत घालून पुन्हा एक्सरे काढला. फाईलचं टोक मुळाच्या टोकापासून बरोब्बर १ मिमी आत, अगदी पुस्तकात छापावं असं. मग अपेक्स लोकेटर (विजेच्या मदतीने कॅनलचा शेवट शोधणारं मशीन) जोडला तर तो २०.५ लाच अपेक्स दाखवून ओरडायला लागला. म्हणजे त्याच्या हिशोबाने माझी २१.५ ची फाईल १ मिमी बाहेर हाडात गेलेली.

मी एक्सरेवर विश्वास ठेवला. डोळ्यासमोर चित्र होतं ना, आणि मशीन ओलाव्याने फसतं हे कॉलेजपासून ऐकलेलं. त्याच लांबीला साफसफाई केली, हायपोने, म्हणजे जंतुनाशक द्रवाने, धुतलं, आणि सुकवायला गेलो तर कॅनल सुकेचना. पेपर पॉइंट (ओल टिपणारी कागदी काडी) बाहेर काढला की टोकाला मिलिमीटरभर लाल, दुसरा काढला तरी लाल, चौथा काढला तरी तेवढाच लाल. औषध भरून पाठवलं. तीन दिवसांनी काका आले ते चावताना कळ येते म्हणून. त्या दिवशी मी भूल न देता फाईल हळूहळू आत नेली आणि २०.५ च्या जरा पुढे जाताच काकांच्या पापण्या मिटल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. २० वर आलो, धुतलं, पेपर पॉइंट २० वर टेकवला, कोरडा ठणठणीत.

चूक माझी होती आणि त्रास काकांना झाला, हे मनातून जात नाहीये. म्हणून विचारतोय, तुम्ही लांबी कशी ठरवता? दोघांचं जमलं नाही तर कुणाचं ऐकता?

वाचनवेडी

डॉक्टर, मी दंतवैद्य नाही पण माझी दोन रूट कॅनल झालीत म्हणून विचारते. १ मिमीने एवढं काय बिघडतं? आणि मुळाच्या टोकापर्यंत साफ करायचं तर टोक एक्सरेत दिसतंच की.

मुळाक्षर

वाचनवेडी ताई, हाच सगळ्याचा गाभा आहे. मुळाचं टोक आणि कॅनलचं तोंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनल खाली जाता जाता एका जागी सगळ्यात अरुंद होतो, मग पुन्हा फनेलसारखा रुंद होऊन बाहेर उघडतो. आपल्याला त्या अरुंद जागेशी थांबायचं असतं. तिच्या अलीकडे थांबलो तर जंतू आणि मेलेला पल्प आत राहतो, पलीकडे गेलो तर आपण हाडाला टोचतो आणि आतली घाण बाहेर ढकलतो. आणि ते बाहेरचं तोंड बहुतेक वेळा मुळाच्या अगदी टोकावर नसतंच, बाजूला असतं, कधी अर्धा मिमी तर कधी २-३ मिमीसुद्धा अलीकडे. ते तोंड गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला उघडत असेल तर एक्सरेत दिसणारच नाही, कारण एक्सरे ही सावली आहे, गालाकडून जिभेकडची खोली त्यात सपाट होते. काकांच्या दातात हेच झालं असं मला वाटतंय.

जुनी_खुर्ची

मी पस्तीस वर्षं हे काम करतोय, त्यातली निम्मी फिल्म डेव्हलप करण्यात गेली. आमच्या वेळी लोकेटर बघायलाही मिळायचा नाही. एक्सरेला सरसकट दोष देऊ नका, एक्सरे कसा काढला ते आधी बघा. फिल्म बोटाने धरून कोन अंदाजाने लावला तर दात लांब किंवा आखूड दिसणारच. फिल्म दाताला समांतर, होल्डरमध्ये, आणि किरण काटकोनात, असं केलं तर फरक खूप कमी होतो.

आणि लांब-आखूड दिसला तरी हिशोब करता येतो. फाईल २० मिमीला लावून घातली, एक्सरेत ती २२ दिसली आणि दात २४.२ दिसला, तर खरा दात २० गुणिले २४.२ भागिले २२, म्हणजे २२ मिमी. ग्रॉसमनचं सूत्र, त्रैराशिकच आहे ते. मुलांनी आता मॉनिटरवर माउस ओढून मिमी वाचायची सवय लावून घेतलीय, पण आरव्हीजीच्या (डिजिटल एक्सरेच्या) सॉफ्टवेअरला आधी माहीत असलेल्या लांबीने कॅलिब्रेट केलं नाही तर तो आकडा पोकळ असतो. आणखी एक, ८ किंवा १० नंबरच्या फाईलचं टोक एक्सरेत नीट दिसतच नाही, निदान १५ घाला.

हाताबद्दल म्हणाल तर अरुंद जागा बोटाला कळते. फाईल अडखळते आणि मग सुटते.

सायली_एंडो

सर, नमस्कार. एक्सरेच्या तंत्राबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी विद्यार्थ्यांना जसंच्या तसं वाचायला देणार आहे. पण हाताच्या बाबतीत मला वेगळं म्हणायचंय. साइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये हे तपासलं होतं, अनुभवी हातांनीसुद्धा फक्त ६४ टक्के दातांत लांबी बरोबर सांगितली. म्हणजे तीनातला एक चुकला. कारण सरळ आहे, कॅनल वरच्या भागातच अरुंद किंवा वाकडा असेल तर फाईल तिथेच घासते आणि बोटाला वाटतं टोक आलं. वरचा भाग आधी मोकळा करून घेतला की बोटाची अक्कल वाढते, पण तरीही एकट्या हातावर मी काम करणार नाही.

शिवाय ती अरुंद जागा प्रत्येक दातात एकसारखी असते हेही खरं नाही. कुठे एकच स्पष्ट अरुंद गळा असतो, कुठे कॅनल हळूहळू निमुळता होत जातो, कुठे दोन-तीन ठिकाणी आवळलेला असतो, आणि कुठे बराच वेळ दोन्ही भिंती समांतर. शेवटच्या दोन प्रकारांत बोटाला काय कळणार? कटलरने १९५५ मध्ये मोजलं होतं, अरुंद जागेपासून बाहेरच्या तोंडापर्यंतचं अंतर तरुणांत साधारण अर्धा मिमी आणि पंचावन्नच्या पुढे साधारण ०.६६ मिमी. वय वाढतं तसं मुळाच्या टोकाला बाहेरून सिमेंटमचे (मुळावरच्या कठीण आवरणाचे) थर चढत जातात आणि तोंड मूळ टोकापासून आणखी सरकतं. मुळाक्षर, तुमचे काका पन्नाशीचे आहेत हे लक्षात घ्या. एक्सरेवरून सरसकट १ मिमी वजा करणं म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखं आहे.

आणि तुमच्या वेळी तुम्ही एक गोष्ट करू शकला असतात, नळी आडवी सरकवून तिरका दुसरा एक्सरे. गालाकडची वस्तू नळीच्या उलट बाजूला सरकते, जिभेकडची नळीच्या बाजूला. फाईलचं टोक मुळाच्या कडेला जाऊन भिडलेलं कदाचित त्यात दिसलं असतं.

मुळाक्षर

खरंय मॅडम. दुसरा एक्सरे काढायचा आळस नव्हता, गरजच वाटली नाही. पहिला फारच छान दिसत होता.

ओहम_किलो

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. बायकोची ट्रीटमेंट चालू असताना खुर्चीशेजारी बसून ते मशीन बघितलं आणि तेव्हापासून त्याच्या मागे लागलोय, जेवढं समजलं ते सांगतो, दंतवैद्यांनी चुका दुरुस्त कराव्यात.

एक तार ओठाला अडकवलेल्या हुकाला, दुसरी फाईलला. दाताचा बाहेरचा कठीण भाग वीज जवळपास अडवतो, पण कॅनलच्या तोंडापलीकडचे टिश्यू ओले आणि वाहक. सुझुकीने १९४२ मध्ये कुत्र्यांवर काम करताना पाहिलं की कॅनलच्या तोंडाशी पोचलेली फाईल आणि तोंडातली त्वचा यांच्यातला रोध जवळपास ठरलेला असतो. मग सुनादाने १९६२ मध्ये माणसात तो साडेसहा किलोओहमच्या आसपास असल्याचं दाखवलं, दात कुठलाही असो, वय काहीही असो. पहिली मशीनं यावरच चालायची, डायरेक्ट करंट, आणि कॅनलमध्ये रक्त किंवा मिठाचं पाणी असलं की तिथल्या तिथे फसायची कारण त्या द्रवातूनच करंट पळून जायचा. तुम्ही कॉलेजात जे ऐकलंत की ओलाव्याने मशीन फसतं ते त्या काळातलं असणार.

नंतरची युक्ती मला फार आवडली. एकाच वेळी दोन फ्रीक्वेन्सी सोडायच्या, रूट झेडएक्स नावाच्या लोकेटरमध्ये ०.४ आणि ८ किलोहर्ट्झ, आणि दोन्हींच्या इम्पिडन्सचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) गुणोत्तर घ्यायचं. फाईल टोकापासून लांब असते तेव्हा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, गुणोत्तर १ च्या आसपास. टोकाजवळ गेलं की तिथला कपॅसिटरसारखा परिणाम वाढतो, जास्त फ्रीक्वेन्सीला त्यातून जाणं सोपं जातं, म्हणून गुणोत्तर घसरतं आणि अरुंद जागेशी साधारण ०.६७ होतं. कॅनलमध्ये कुठला द्रव आहे याचा परिणाम दोन्ही आकड्यांवर होतो, भागाकार केला की तो बराचसा कटतो. कोबायाशी आणि सुदा यांनी १९९४ मध्ये हे नीट मांडलंय. म्हणून आता हायपो कॅनलमध्ये असला तरी चालतं. एवढी साधी कल्पना आणि एवढं काम!

सायली_एंडो

ओहम, कौतुक वाटलं, आमच्या मुलांना परीक्षेत एवढं नीट लिहिता येत नाही. एकच पुस्ती जोडते. स्क्रीनवरच्या ०.५ चा अर्थ अर्धा मिमी नाही! हा गैरसमज मी जुन्या डॉक्टरांतही पाहिलाय. ते मशीनने स्वतःच्या गुणोत्तराला दिलेले टप्पे आहेत, फूटपट्टी नव्हे. मशीन सगळ्यात भरवशाने सांगतं ते एकच, आता बाहेर पडलात. म्हणून मी फाईल अपेक्सच्या खुणेपर्यंत नेते, तिथे स्टॉपर लावते, बाहेर काढून मोजते आणि मग अर्धा ते एक मिमी वजा करते. २ किंवा ३ वर दाखवणारे आकडे तर मनावरच घेऊ नका.

शबहांग आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये रूट झेडएक्स खऱ्या पेशंटच्या दातांत तपासला, नंतर ते दात काढून तोंड कुठे आहे ते बघितलं. ९६.२ टक्के दातांत अर्ध्या मिमीच्या आत बरोबर. एक्सरेला एवढं जमत नाही.

जुनी_खुर्ची

सायली मॅडम, आकडे मान्य. पण दररोज लोकेटर खोटं बोलताना मीही पाहतो. नुसतं मशीन हातात दिलेला नवा मुलगा काय करणार?

सायली_एंडो

सर, ते खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीची वाट करून देतो. धातूची कॅप किंवा चांदीचं जुनं फिलिंग असेल आणि फाईल त्याला टेकली तर करंट वरूनच निघून जातो आणि कॅनलच्या वरच्या तोंडाशीच मशीन ओरडतं. पल्प चेंबरमध्ये (दाताच्या वरच्या पोकळीत) हायपोचं तळं साचलं असेल आणि ते हिरडीला किंवा शेजारच्या कॅनलला मिळालं तरी तेच. म्हणून आधी चेंबर कापसाच्या गोळीने टिपून घ्या, कॅनल ओला राहू दे, वर कोरडं. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावा. उलट कॅनल अगदी ठणठणीत सुकला असेल किंवा मध्ये कॅल्सिफाय होऊन बंद असेल तर काटा हलणारच नाही. आणि रुंद कॅनलमध्ये ८ नंबरची काडी घालून वाचू नका, भिंतींना लागेल अशी फाईल घ्या. लहान मुलांचे अर्धवट वाढलेले दात, टोक उघडं, तिथे मात्र मशीन लांबी कमी दाखवतं, तिथे एक्सरे आणि पेपर पॉइंटच कामाचे.

माझी कसोटी एवढीच की आकडा स्थिर आहे का. फाईल थोडी मागे घेतली की काटा मागे, पुढे नेली की पुढे, दोन-तीनदा तसंच आलं तर विश्वास. उड्या मारत असेल तर थांबा आणि कारण शोधा.

वाचनवेडी

माझे बाबा पेसमेकरवाले आहेत आणि त्यांना पुढच्या महिन्यात रूट कॅनल सांगितलंय. तुम्ही वीज सोडता हे वाचून घाबरले मी.

सायली_एंडो

ताई, घाबरू नका पण डॉक्टरांना आधीच नक्की सांगा. करंट फार सूक्ष्म असतो. पूर्वी अशा पेशंटना लोकेटर लावूच नये असं सांगितलं जायचं, नंतर पेसमेकर असलेल्या माणसांवर झालेल्या तपासणीत आताच्या मशीनांमुळे त्याच्या कामात अडथळा आलेला दिसला नाही. तरीही मशीनच्या माहितीपुस्तकात काय लिहिलंय ते बघून आणि बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जावं. नकोच म्हणाले तर एक्सरेवर काम होतं, शेकडो डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तसंच केलंय, सरांसारख्यांनी.

कोवळी_दाढ

इंटर्न आहे, एक विचारू का. आमच्याकडे एका पेशंटचं सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन) आधीच काढलेलं होतं, त्यावर मी लांबी मोजली आणि ती लोकेटरशी जवळपास जुळली. मग सगळ्यांचंच काढलं तर भांडणच मिटेल ना?

जुनी_खुर्ची

नाही बाळा. दुसऱ्या कारणासाठी काढलेलं असेल तर जरूर वापर, तोंड कुठल्या बाजूला उघडतंय तेही त्यात कधी दिसतं. पण निव्वळ लांबीसाठी पेशंटला एवढं रेडिएशन द्यायचं नाही. लोकेटरला रेडिएशन शून्य आहे, गरोदर बाईसाठीसुद्धा मला तोच आधार वाटतो. शिवाय धातूची कॅप असेल तर स्कॅनमध्ये पट्टे येतात.

तुला दुसरीच गोष्ट सांगतो जी कुणी शिकवत नाही. लांबी मोजताना खालचं टोक सगळे बघतात, वरचं कुणी बघत नाही. माझ्याकडून एकदा असं झालंय. खालची दाढ, गालाकडच्या कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) स्टॉपर टेकवून २०.५ लिहून घेतलं. पेशंट चावताना दुखतं म्हणाला म्हणून तो कस्प घासून दीडेक मिमी कमी केला. पुढच्या वेळी कागदावरचा २०.५ तसाच वापरला. म्हणजे दीड मिमी बाहेर! महिनाभर त्या माणसाला सूज आली, गेली, पुन्हा आली, आणि मी औषधं बदलत बसलो. तेव्हापासून माझा नियम, जे घासायचं ते मोजायच्या आधी घासायचं, आणि स्टॉपर सपाट जागेवर, फाईलला काटकोनात. तिरका बसलेला रबरी स्टॉपर एकटाच अर्धा मिमी खातो.

कोवळी_दाढ

सर हे वहीत लिहून घेतलं. वाकड्या कॅनलमध्ये शेवटी लांबी कमी का होते तेही सांगा ना, काल माझी मास्टर (शेवटची, सगळ्यात जाड) फाईल बाहेर जायला लागली.

सायली_एंडो

सुरुवातीला फाईल वळणाच्या बाहेरच्या भिंतीला घासत लांबून जाते. आपण वरचा भाग मोकळा केला की तीच वाट सरळ होते, वळसा घालून जाण्याऐवजी आडवाटेने गेल्यासारखं. अर्धा-एक मिमी सहज कमी होतो. म्हणून वरचा भाग उघडल्यावर मोज आणि भरण्याआधी पुन्हा एकदा मोज. लोकेटरला दहा सेकंद लागतात, तेवढी तरी दे.

मुळाक्षर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर, दोघांचं जमलं नाही तर आधी लोकेटर पुन्हा लावायचा, वर सांगितलेली सगळी कारणं काढून टाकायची, आणि तरी आकडा स्थिर राहिला तर त्याचं ऐकायचं. त्यावर फाईल ठेवून एक एक्सरे काढायचा, तो लांबीसाठी कमी आणि दुसरा कॅनल सुटला नाही ना, भलतीकडे छिद्र पडलं नाही ना यासाठी जास्त. तरी शंका उरली तर पेपर पॉइंट, तो कुणाची बाजू घेत नाही.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडते. श्योग्रेन आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या कामात टोकाशी आजार असलेल्या दातांत भरण एक्सरेवरच्या टोकापासून २ मिमीच्या आत असलं तर ९४ टक्के बरे झाले, बाहेर गेलं तर ७६, आणि २ मिमीपेक्षा आखूड राहिलं तर ६८. तुमचं काकांचं भरण एक्सरेवर अडीच मिमी आखूड दिसणार. कुणीही बघून म्हणेल अर्धवट काम. पण त्या आखूड दातांत किती ठिकाणी कॅनल अडला म्हणून डॉक्टर थांबले आणि किती ठिकाणी तोंडच तिथे होतं, हे चित्रावरून कळत नाही. तुमच्याकडे लोकेटर, पेपर पॉइंट आणि काकांच्या पापण्या असे तीन साक्षीदार आहेत. मी असते तर २० वरच भरलं असतं.

मुळाक्षर

धागा वर काढतोय, सात महिने झाले.

तेव्हा २० वरच भरलं. मास्टर कोन (कॅनल भरायची मुख्य काडी) घालून एक्सरे काढला तेव्हा तो आखूड कोन बघून हात थरथरला, खरं सांगतो, पुन्हा २१ वर जावं असं दोनदा वाटलं. नाही गेलो. काकांना स्क्रीनवर दाखवून समजावलं की हे कमी दिसतंय ते का, आणि सावली वाढली तर पुन्हा उघडावं लागेल.

काल काका आले. चावताना काही नाही, बोटाने ठोकलं तरी काही नाही, आणि सावली आधीच्या निम्म्याहून कमी उरलीय. अजून वर्षभर बघत राहणार आहे. जुनी_खुर्ची सर, सायली मॅडम, तुम्हा दोघांचं वाचून मी केस पेपरवर लिहायची पद्धतच बदलली. पूर्वी नुसतं २१.५ एवढंच लिहायचो. काकांच्या कागदावर आता असं आहे, पुढे दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसले तर त्यालाही कळावं म्हणून:

४५. स्टॉपर गालाकडच्या कस्पवर, घासून झाल्यानंतर. लोकेटर अपेक्स २०.५, तीनदा तोच. काम २०.०. पेपर पॉइंट २०.० ला कोरडा, २१ ला लाल. एक्सरेत अडीच मिमी आखूड दिसेल, तोंड बाजूला आहे, उघडू नये.